भंगारातून यंत्र: टीव्हीवरच्यासारखी इंजिनिअरिंग स्पर्धा सांगलीत घ्यायची आहे, कामं आणि गुण कसे ठरवावेत?

विश्रामबाग_मंडळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यंदा गणेशोत्सवात आराशीचा खर्च कमी करून आमचं मंडळ एक स्पर्धा घेणार आहे. ब्रिटनच्या चॅनल ४ वर 1998 पासून जी भंगाराची स्पर्धा लागायची, 'स्क्रॅपहीप चॅलेंज', तिच्या धर्तीवर. तिथं संघांना 10 तास मिळायचे, भंगाराच्या ढिगातून सामान काढायचं, यंत्र बांधायचं आणि मग प्रत्यक्ष चाचणी. आमच्याकडं 4-4 जणांचे 8 संघ होतील. आयटीआय, डिप्लोमा आणि डिग्रीची पोरं आहेत, दोन संघ गॅरेजवाल्यांचेही आहेत.

आत्तापर्यंत तीन कामं डोक्यात आहेत.
1. 10 किलोची पेटी 3 मीटरवरून सोडायची, आतल्या सेन्सरवर 25 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 25 पट) पेक्षा जास्त झटका येता कामा नये.
2. खालच्या टाकीतलं 200 लिटर पाणी माणसाच्या ताकदीवर 3 मीटर वर चढवायचं.
3. अर्ध्या किलोचा चेंडू 40 मीटरवर फेकायचा.

विचारायचं असं: ही कामं एका दिवसात होण्यासारखी आहेत का? गुण कसे द्यावेत म्हणजे भांडण होणार नाही? आणि भंगार किती, कसलं आणावं? पावसाळा आहे हेही धरा.

कृष्णाकाठ_मेकॅनिकल

स्पर्धेची कल्पना उत्तम आहे, पण तिसरं काम आधी काढून टाका. गणपतीच्या गर्दीत फेकणारं यंत्र नको. वजनावर चालणाऱ्या गोफणयंत्राचा चेंडू आकडी वेळेवर सुटली नाही की सरळ वर जातो, नाहीतर मागं येतो. म्हणजे समोरची मोकळी जागा पुरत नाही, मागची आणि बाजूचीही लागते. गल्लीत किंवा शाळेच्या मैदानावर, कडेला लोक उभे असताना, ते जमणार नाही. पहिली दोन कामं पुष्कळ झाली.

आता गुण. अशा बहुतेक स्पर्धांमध्ये शेवटी 'कोणाचं यंत्र चाललं' एवढंच बघितलं जातं. मग पोरं अंदाजपंचे जोडतात आणि ज्याचं नशीब चांगलं तो जिंकतो. डिस्कव्हरीवर 2013 मध्ये 'द बिग ब्रेन थिअरी' लागायची. तिथं प्रत्येकानं आधी स्वतःचा उपाय मांडायचा, त्यातले दोन चांगले निवडले जायचे आणि ते मांडणारेच संघांचे कप्तान व्हायचे. हा भाग उचलण्यासारखा आहे. विज्ञानाची परीक्षा खरी त्या कागदावर होते.

माझं म्हणणं असं. पहिला एक तास हत्याराला हात लावायचा नाही. प्रत्येक संघानं एक पान भरून द्यायचं: आकृती, हिशेब आणि तळाशी एक आकडा. पेटीच्या कामात 'आमच्या पेटीवर इतके जी येतील', पाण्याच्या कामात 'आम्हाला इतके सेकंद लागतील'. पान बंद पाकिटात. 100 पैकी 60 गुण प्रत्यक्ष निकालाला आणि 40 त्या आकड्याला. अंदाज आणि निकाल यांत जितके टक्के फरक, तितके गुण 40 मधून वजा. 18 जी लिहिलं आणि 20 आले तर फरक सुमारे 11 टक्के, 29 गुण मिळाले. 40 टक्क्यांच्या पुढं फरक गेला की शून्य. यात परीक्षकाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही, भांडण आपोआप मिटतं. शिवाय ज्याचं यंत्र थोडं हळू चालतं पण ज्याला आपलं यंत्र कळलंय, त्याला न्याय मिळतो.

वेळेचं वाटप संघांना सांगून ठेवा, सक्ती नको. 1 तास कागद, 5 तास बांधणी, 2 तास चाचणी, 2 तास दुरुस्ती. पोरं चाचणी नेहमी शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलतात आणि तिथंच मार खातात. सहाव्या तासाला प्रत्येकाला एक सक्तीची चाचणी घ्यायला लावा, गुण नाहीत, फक्त चालवून दाखवायचं. अंतिम फेरीत दोन संधी, त्यातली चांगली धरायची.

मिरज_मापन

पेटीच्या कामाबद्दल लिहिते, कारण यात मापच चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पहिली गोष्ट सेन्सर. पोरांकडं एमपीयू 6050 किंवा एडीएक्सएल 345 हेच असतं, दोन्हींची मर्यादा 16 जी. 25 जी चा निकाल त्यावर लावता येणार नाही, 16 च्या पुढं आलेख सपाट होतो आणि झटका 17 होता की 60 ते समजत नाही. मोबाइलच्या सेन्सरचंही तेच. एडीएक्सएल 375 घ्या, तो 200 जी पर्यंत मोजतो. सगळ्या संघांना मंडळाचीच एक पेटी आणि एकच सेन्सर वापरायचा, हा नियम पहिल्या दिवशी जाहीर करा.

दुसरं, किती वेगानं नोंद घ्यायची. 3 मीटरवरून पडलेली पेटी जमिनीशी येते तेव्हा वेग सेकंदाला 7.7 मीटर, म्हणजे ताशी साधारण 28 किलोमीटर. 25 जी नं थांबवली तर ती 31 मिलिसेकंदांत थांबते. सेकंदाला 100 नोंदी घेतल्या तर त्या वेळात तीनच आकडे मिळतील आणि खरं टोक मधल्या मधे निसटेल. किमान 1000 नोंदी हव्यात. सेन्सर पेटीच्या तळाला दोन स्क्रूंनी घट्ट बसवा. दुहेरी चिकटपट्टीवर बसवला तर तो स्वतःच थरथरतो आणि नसलेला झटका दाखवतो. पत्र्याच्या पेटीचा पत्राही वाजतो, म्हणून तळाला 12 मिमीचं प्लायवूड घ्या. नियम असा लिहा: 3 मिलिसेकंदांहून जास्त टिकलेला झटकाच धरला जाईल. नाहीतर एका टोकदार रेघेवरून तासभर वाद होईल.

आता हिशेब, तो अगदी सोपा आहे. पडण्याची उंची भागिले जी ची संख्या, एवढं अंतर थांबायला लागतं. 3 मीटर भागिले 25 म्हणजे 12 सेंटिमीटर. पण हे झटका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा राहिला तर. स्प्रिंग तशी वागत नाही, तिचा जोर शून्यापासून वाढत जातो, त्यामुळं तेवढ्याच 25 जी साठी तिला दुप्पट अंतर लागतं, 24 सेंटिमीटरच्या वर. शिवाय स्प्रिंग पेटी परत उडवते आणि दुसऱ्यांदा आपटते. मोटारसायकलच्या शॉकरच्या स्प्रिंगा ढिगात दिसल्या की सगळे संघ त्यावरच उड्या टाकतील. पण ती स्प्रिंग दीडदोनशे किलोच्या गाडीसाठी केलेली असते. 10 किलोच्या पेटीसाठी ती फार ताठ, जवळपास दगडावर आपटल्यासारखंच होतं.

हवं ते असं की दाबलं की एकाच जोरानं चिरडत जाणारं आणि परत न फुलणारं. आपल्याकडं त्याला तोटा नाही: द्राक्षाच्या आणि बेदाण्याच्या कोरुगेटेड पुठ्ठ्याच्या पेट्या. तासगाव भागात त्या ढिगानं मिळतील. पुठ्ठ्याच्या पट्ट्या अशा उभ्या करायच्या की आतल्या नळ्या उभ्या राहतील, आणि एकमेकींत खाचा पाडून जाळी करायची.

किती जाळी लागेल ते मोजून काढायचं. 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा करा, खाली वजनकाटा, वरून स्क्रू जॅकनं किंवा प्रेसनं हळूहळू दाबा, दर सेंटिमीटरला आकडा लिहा. समजा तो तुकडा सरासरी 40 किलोवर चिरडत गेला. तुमचं लक्ष्य 25 नाही, 15 जी धरा. 10 किलोच्या पेटीला 15 जी नं थांबवायला 150 किलोचा जोर, त्यात पेटीचं स्वतःचं वजन 10, म्हणजे 160 किलो. म्हणजे चार तुकडे, 20 बाय 20 सेंटिमीटर. थांबायचं अंतर 300 भागिले 15, म्हणजे 20 सेंटिमीटर. पुठ्ठा उंचीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंतच चिरडतो, पुढं घट्ट होऊन एकदम झटका देतो. म्हणून जाळीची उंची 30-31 सेंटिमीटर हवी. ताळा करून बघा: पेटी एकूण 3.2 मीटर खाली येते, 10 गुणिले 3.2 म्हणजे 32, आणि 160 गुणिले 0.2 म्हणजेही 32. हिशेब जुळला.

बिघडतं कुठं ते सांगते. एक, पहिला जोर. न चिरडलेला पुठ्ठा किंवा डबा सुरुवातीला सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त जोर सहन करतो आणि मग एकदम बसतो. तेवढ्या क्षणात 25 जी ओलांडले जातात. म्हणून वरची कड आधीच थोडी दुमडून, चेपून ठेवायची, म्हणजे चिरडणं तिथून सुरू होतं. थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या रिकाम्या डब्यांना तर हे हवंच, अंगावर बोटानं बारीक खळगा पाडून ठेवा. दोन, ओल. पावसाळी हवेत पुठ्ठा नरम पडतो. सकाळी काढलेला 40 किलोचा आकडा संध्याकाळी 25 वर येऊ शकतो, मग जाळी पूर्ण बसते आणि पेटी तळाला आपटते. पट्ट्या प्लास्टिकच्या पोत्यात बांधून ठेवा आणि सोडण्याच्या आधी एक तुकडा पुन्हा दाबून बघा. तीन, तिरकं पडणं.

विश्रामबाग_मंडळ

ताई, तिरक्या पडण्याबद्दल जरा सविस्तर सांगा ना. आम्ही दोरीनं वर ओढून सोडणार होतो.

मिरज_मापन

दोरीनं सोडू नका. सोडताना पेटीला गिरकी बसते, 3 मीटर पडायला 0.78 सेकंद लागतो, तेवढ्यात ती 20-30 अंश सहज फिरते. मग जाळीच्या एका कोपऱ्यावर सगळा भार येतो आणि ती चिरडण्याऐवजी कलंडते. 20 रुंद आणि 30 उंच ठोकळा तसाही कलंडायला टपलेलाच असतो. दोन 25 मिमीचे सरळ पाइप उभे बांधा, पेटीच्या दोन बाजूंना सैल कड्या, आणि सोडायला एक ओढायची पिन. पाइपाला ग्रीस लावा, पण कड्या अडखळत नाहीत ना ते रिकाम्या पेटीनं आधी बघा. अडखळली तर वेग कमी भरतो आणि निकाल खोटा चांगला येतो. संघांनाही सांगा की जाळी खाली रुंद, वर अरुंद करा.

एक बारीक गोष्ट राहिली. सेन्सर जमिनीवर स्थिर असताना 1 जी दाखवतो, पडताना शून्य. म्हणून 15 जी नं थांबणारी पेटी सेन्सरवर 16 दाखवेल. पाकिटातला आकडा सेन्सरवरचाच धरायचा, हे आधीच ठरवून सांगा.

पलूस_पंपवाला

पाण्याच्या कामाला माझा पूर्ण पाठिंबा. जिल्ह्यात किर्लोस्करवाडी 1910 पासून उभी आहे. सांगलीच्या स्पर्धेत पंप नसेल तर कुठं असणार?

आधी काम किती आहे ते बघा. 200 लिटर 3 मीटर चढवायला 5,900 ज्यूल लागतात. दमदार पोरगा काही मिनिटं सलग 75 वॅट देऊ शकतो. सगळी ताकद पाण्यातच गेली तर 80 सेकंदांत काम संपतं. निम्मी वाया गेली तरी 160 सेकंद. म्हणून वेळमर्यादा 10 मिनिटं ठेवा, 3 मिनिटांच्या आत करेल त्याला पूर्ण गुण.

इथं संघांपुढं दोन वाटा पडतील, आणि बहुतेक जण चुकीच्या वाटेला जातील. ढिगात मोनोब्लॉक पंप दिसला की सायकल जोडून तो फिरवायचा मोह होतोच. पण तो पंप मिनिटाला 2,880 फेऱ्यांसाठी केलेला. फेरे निम्मे केले की हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, चौथाईवर येतं. 20 मीटर हेडचा पंप 1,440 फेऱ्यांवर जेमतेम 5 मीटर दाखवतो, तेही पाणी वाहत नसताना. 1,000 फेऱ्यांवर तो अडीच मीटरपर्यंतसुद्धा पोचत नाही. पोरं पायडल मारून घामाघूम होतात आणि वरच्या तोंडातून थेंब येत नाही, त्याचं कारण एवढंच. करायचंच असेल तर मागच्या चाकाच्या टायरवर रूळ घासून चालवा: 26 इंची चाक साधारण 660 मिमीचं, त्यावर 50 मिमीचा रूळ, म्हणजे 13 पट. पुढचं चक्र 44 दात, मागचं 18, म्हणजे आणखी 2.4 पट. पायडल मिनिटाला 60 मारलं तर रुळाला 1,900 च्या आसपास फेऱ्या मिळतात. टायरमध्ये हवा गच्च हवी आणि रूळ ओला झाला नाही पाहिजे, घसरला की संपलं. खालच्या तोंडाला फूटव्हॉल्व्ह (पाणी परत जाऊ न देणारी झडप) लावून पंप आधी पाण्यानं भरून घ्यायचा, म्हणजे प्रायमिंग करायचं, हे इथल्या पोरांना सांगायला लागू नये, पण गडबडीत तेच विसरतं. सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या, जोडात केसाएवढी फट असली तरी पंप हवा ओढतो आणि पाणी सोडतो.

दुसरी वाट दोरी-पंपाची, आणि या कामाला तीच बरोबर बसते. उभा पीव्हीसी पाइप, त्यातून वर जाणारी बिनटोकाची दोरी, दोरीवर दर मीटरला रबरी चकती, वर सायकलची रिम. चकत्या पाण्याचा स्तंभ ढकलत वर आणतात. फेऱ्या कमी चालतात, प्रायमिंग नाही, व्हॉल्व्ह नाही.

मापं लिहून घ्या. बाहेरून 40 मिमीचा पाइप आतून साधारण 36 मिमी भरतो. दोरी सेकंदाला 1 मीटर चालली तर सेकंदाला 1 लिटर पाणी, 200 लिटरला 3 मिनिटं 20 सेकंद. तीन मिनिटांच्या आत यायचं तर मिनिटाला 37-38 फेऱ्या तरी सलग हव्यात, 60 सेंटिमीटर व्यासाच्या रिमला एका फेरीत 1.9 मीटर दोरी जाते. पाइपात एका वेळी 3 किलोच पाणी असतं, म्हणून हाताला भार कमी लागतो. दोघांनी आलटून पालटून फिरवलं तर वेग टिकतो.

चकत्या जुन्या टायरच्या पातळ बाजूतून कापा, 35 मिमीच्या. ट्यूबचं रबर मऊ, ते पाण्याच्या भारानं दुमडतं. प्रत्येक चकतीच्या खाली-वर गाठ. दोरी 5-6 मिमीची पॉलिप्रॉपिलीनची घ्या. नायलॉन भिजलं की ताणतं आणि दहा मिनिटांत रिमवर घसरायला लागतं. नुसती उघडी रिम चालत नाही, दोरी तिच्यावरून घसरते. टायरच्या दोन बाजूच्या कडा कापून, पाठीला पाठ लावून रिमवर बोल्टनं बसवा. मधे इंग्रजी व्ही सारखी खाच होते, चकती त्यात बसते आणि दोरी पकड धरते.

पाइपाचं खालचं तोंड गरम करून बाटलीच्या गळ्यावर दाबून नरसाळ्यासारखं पसरवा, नाहीतर चकती कडेला अडकते. वरचा टी, म्हणजे पाणी बाजूला काढणारा तीन तोंडांचा जोड, मोठा हवा, 63 मिमीचा. 40 चाच टी ठेवला तर पाणी बाजूनं बाहेर पडण्याऐवजी दोरीबरोबर सरळ वर उडतं आणि निम्मं जमिनीवर सांडतं. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

कुपवाड_वेल्डर

भंगाराचं बोलूया. टीव्हीवर ढीग खराखुरा दिसतो, पण तिथं लागणाऱ्या वस्तू आधीच पेरलेल्या असायच्या. तुम्हालाही तसंच करायला लागतंय. 8 संघ आहेत तर कळीची वस्तू 9-10 नग पाहिजे: सायकली, 40 मिमी पाइप, रिमा, बेअरिंग. द्राक्षबागेचं जुनं सामान आणा, मांडवाचे अँगल, तार, ठिबकच्या नळ्या. प्रत्येक कामाला कमीत कमी दोन वेगळ्या वाटा निघतील असं सामान टाका. एकच वाट ठेवली तर आठ सारखी यंत्रं बघायला लोक थांबणार नाहीत.

ढिगात काय येऊ द्यायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. डिझेल, थिनर, रंगाचे बॅरल अजिबात नको. रिकाम्या बॅरलवर वेल्डिंगची ठिणगी पडली की आतल्या वाफेचा स्फोट होतोय, धुतलेला असला तरी. एअरबॅग, गॅस भरलेले डिकीचे दांडे, फ्रिजचे कॉम्प्रेसर, मायक्रोवेव्ह ओव्हन, सीएफएलच्या नळ्या, सगळं आधी वेगळं काढा. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा असतोय. शॉकरची स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत कुणी उघडायची नाही.

गॅल्व्हनाइज्ड पाइपला वेल्डिंग करायचं तर जस्त घासून काढा आणि उघड्यावर करा. त्या पांढऱ्या धुरानं संध्याकाळी थंडीताप भरतो. सायकलच्या फ्रेमची नळी दीड मिलिमीटरच्या आत असते, 3.15 मिमीचा वेल्डिंग रॉड लावला की भोकच पडतंय. 2.5 चा 6013 रॉड, 60-70 अँपिअर, एका जागी न थांबता टाके टाके मारत जायचं. तेही जमत नसेल तर वेल्डिंग सोडा, यू-बोल्ट आणि क्लॅम्प वापरा. क्लॅम्पचा जोड चाचणीनंतर पान्यानं सैल करून सरकवता येतो, वेल्डिंगचा जोड कापायला लागतो. चेनची दोन चक्रं एका रेषेत नसली तर चेन उतरतच राहते, बारकी पट्टी आडवी धरून दोन्ही चक्रं एकदम टेकतायत का बघायचं.

वेल्डिंगची मशीन सहा-सात पुरतील, पण चालवणारे तुम्ही ठरवलेलेच. वरती पत्र्याची शेड, खाली कोरडी फळी, प्रत्येक लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पाण्याचं काम आणि वेल्डिंग शेजारी शेजारी ठेवू नका. मधे किमान 10 मीटर सोडा आणि उतार बघा, सांडलेलं पाणी वेल्डिंगकडं यायला नको.

विश्रामबाग_मंडळ

फेकण्याचं काम रद्द केलं. पाकिटातला आकडा ठेवतोय, 40 गुणांसकट. पंपवाले दादा, एक शंका. 36 च्या पाइपात 35 ची चकती म्हणजे चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर फट राहते, पाणी गळणार नाही का? घट्ट चकती केली तर?

पलूस_पंपवाला

गळतं, पण वेगावर अवलंबून. फटीतून दर सेकंदाला पडणारं पाणी जवळपास ठरलेलं असतं. दोरी सेकंदाला 1 मीटर चालत असेल तर ते एकूण पाण्याच्या मानानं किरकोळ, पण दोरी रेंगाळली की जितकं चढतं तितकंच खाली जातं आणि वर काहीच येत नाही. म्हणून सुरुवात दणक्यात करायची आणि मधे थांबायचं नाही. घट्ट चकती केली तर 3 मीटरच्या पाइपात तीन चकत्या एकदम घासतात, पाण्यापेक्षा घासणंच जड होतं. शिवाय पाइप कुठंही आतून पूर्ण गोल नसतो, उन्हात पडून चपटलेला असला तर घट्ट चकती मधेच अडकून दोरी तुटते.

संघांना सांगा, कागदावर हिशेब करताना सेकंदाला 1 लिटर न धरता 0.8 धरा, म्हणजे वेळेचा अंदाज जवळ येईल. आणि सहाव्या तासाच्या चाचणीत 20 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले ते मोजून ठेवा. पाकीट तेव्हा बंदच असणार, पण चकत्या बदलायच्या का रिम, हे त्या आकड्यावरूनच ठरतं. बादली 30 सेकंदांच्या वर गेली तर आधी वरचा टी बघा, मग चकत्यांना हात लावा.